नियम, तत्त्व आणि दादर स्टेशन

९ डिसेंबर २०२३ पर्यंत दादर स्टेशनात एक नंबरचे फलाट दोन होते. एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. तीन नंबरचेही दोन, चार नंबरचेही दोन. रोजच्या माणसाला त्याचं काही वाटत नसे. 'सेंट्रलचा तीन' म्हटलं की पाय आपोआप वळत. बाहेरगावहून आलेला मात्र सामान घेऊन पुलावर वर-खाली करत राही. त्या दिवसापासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक लागले, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या जमान्यापासून चालत आलेला घोळ मिटला.

बाहेरगावची माणसं दादरला लोटतात तो दिवस मात्र त्याच्या तीनच दिवस आधी होऊन गेला होता. ६ डिसेंबर, बाबासाहेबांचा स्मृतिदिन. नागपूरहून विशेष गाड्या सुटतात, उपनगरी मार्गांवर रात्रीच्या जादा लोकल धावतात, आणि पांढऱ्या कपड्यांतली, निळे झेंडे घेतलेली लाखो माणसं चैत्यभूमीची वाट धरतात. बाबासाहेब आंबेडकरांचं राजगृह रुळांच्या पूर्वेला, हिंदू कॉलनीत. ७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्यसंस्कार झाले ती चौपाटी, म्हणजे आजची चैत्यभूमी, पश्चिमेला. ज्यांच्या पणज्या-आज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांची नातवंडं-पतवंडं त्या दिवशी दादरच्या पुलावरून नेहमीच्या नोकरदार गर्दीला खेटून चालत असतात.

त्यातून एक जुना प्रश्न उभा राहतो, आणि तो धर्माचा प्रश्न आहे. माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली म्हणजे त्यांच्यातला विटाळ गेला का? जागेच्या टंचाईने आणि तिकिटाच्या नियमाने घडवून आणलेल्या समतेला धर्माच्या दृष्टीने काही मोल आहे का?

भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. जीआयपी कंपनीची चौदा डब्यांची गाडी, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. बीबीसीआय कंपनीची विरारहून बॅकबेला येणारी लोकल १८६७ मध्ये सुरू झाली. तिच्या थांब्यांत दादर होतं. या कंपन्यांनी डबे पाडले ते पैशांवर. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. जातवार डबे जोडणं त्यांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. त्यामुळे तिसऱ्या वर्गाच्या बाकावर भट, कुणबी, महार आणि मुसलमान शेजारी-शेजारी आले. स्मृतिग्रंथांनी शतकानुशतकं जे होऊ दिलं नाही, ते भागधारकांच्या जमाखर्चाने करून टाकलं. त्यामागे समतेचा विचार नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

मग विटाळ गेला का? तो डब्यातून उतरला आणि फलाटावर जाऊन उभा राहिला. 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगवेगळी सोय देशातल्या स्टेशनांवर थेट १९४० च्या दशकापर्यंत होती. हिंदूंना पाणी देणारा पुष्कळदा ब्राह्मण असे, कारण त्याच्या हातचं सगळ्यांना चाले. अंगाला अंग लागलं तर घरी जाऊन अंघोळ करता येते. घशाखाली उतरलेल्या घोटाचं काय करणार? रेल्वेने माणसांना शेजारी बसवलं तेव्हा समाजाने विटाळाची रेघ बाकावरून उचलली आणि ओठांपाशी आखली.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत १९०१ सालची हकिकत लिहून ठेवली आहे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून त्यांच्याकडे सुट्टीत निघाले. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या. आगगाडीचं कोण अप्रूप! गाडीतला प्रवास मजेत झाला. मसूरला उतरल्यावर न्यायला कोणी आलेलं नव्हतं. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आला. ती ब्राह्मणाची पोरं असावीत असं त्याला वाटलं होतं. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. तो आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. जवळ जेवण भरपूर होतं. पण पाणी मिळालं नाही, म्हणून पोरं उपाशीच झोपली.

अठ्ठावीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य, बॅरिस्टर डॉ. आंबेडकर चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा मिळाला, हाकणारा नाही. मग महारवाड्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

दोन्ही प्रसंगांत गाडीतला प्रवास निर्विघ्न आहे आणि घात स्टेशनाबाहेर झाला आहे. तिकिटाची सत्ता फाटकापर्यंत. पुढे गावाची सत्ता सुरू.

शहरात गाव संपतं, असं म्हणण्याचा मोह होतो. मुंबईचा इतिहास तसं म्हणू देत नाही. गिरणीत कातखात्यात अस्पृश्य कामगार चाले, विणखात्यात चालत नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला लागे. इथेही रेघ ओठांपाशीच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. खुद्द दादरमध्ये त्याआधी दोनच वर्षं, १९२६ मध्ये, सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा अधिकार हवा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि आंबेडकर उभे राहिले आणि मोठा वाद पेटला. प्रश्न एवढाच होता की अस्पृश्याच्या हातचं फूल देवाला चालेल का. ज्या वस्तीत हा वाद झाला ती मुळात रेल्वेमुळे फोफावलेली. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या शहराला मोकळं करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याची आखणी झाली, हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी उभी राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची लोकल आली, १९२८ मध्ये पश्चिमेकडे कुलाबा-बोरिवली. रोज सकाळी डब्यात शेजारी बसणारी माणसं संध्याकाळी त्याच मंडपात एकमेकांच्या हातचं फूल नाकारत होती.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. ते व्हायचं राहिलं आणि त्यांनी स्वखर्चाने छापलं. 'जातिनिर्मूलन' म्हणून मराठीत ओळखल्या जाणाऱ्या त्या भाषणात नियम आणि तत्त्व यांच्यात केलेला भेद दादरच्या पुलावर नेमका लागू पडतो. नियम सांगतो, हे असं कर. तत्त्व सांगतं, हे कशाच्या आधारे तोल. नियमाने केलेली कृती कदाचित बरोबर असेल, पण ती यंत्रवत असते. तत्त्वाने केलेली कृती कदाचित चुकेल, पण ती करणाऱ्याने विचार करून, जबाबदारी घेऊन केलेली असते. धर्मकृत्य अचूक नसलं तरी चालेल, ते जबाबदारीने केलेलं मात्र असलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. नुसत्या विधिनिषेधांच्या गाठोड्याला त्यांनी धर्म मानायचं नाकारलं ते याच कसोटीवर.

या कसोटीवर तिकिटाची समता घासून पाहिली तर ती नियमाची ठरते. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी असतात, असं रेल्वेच्याच परिभाषेतल्या 'सुपर डेन्स क्रश लोड'चं वर्णन केलं जातं. तिथे कोणी कोणाची जात विचारत नाही. पण विचारायला फुरसत नसणं वेगळं आणि विचारावंसं न वाटणं वेगळं. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ तर दादरच्या शेजारच्याच स्टेशनावरची आहे. पाऊस, अरुंद पूल, एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांची एकत्र आलेली गर्दी, आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. माणूस माणसाच्या इतक्या जवळ एरवी कधी येत नाही. त्या जवळिकीने कोणाला वाचवलं नाही. पुढे सैन्याने तिथे नवा पूल बांधून दिला, आणि हे स्टेशन आता प्रभादेवी म्हणून ओळखलं जातं.

डब्यातली माणुसकी जवळून पाहिली तर तिलाही कुंपण दिसतं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. रुमाल टाकून धरलेली जागा. विरार गाडीत बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला उतरू न देण्याची दांडगाई. ग्रुपमधल्या कोणाच्या घरी आजारपण आलं तर हेच लोक पैसे उभे करतात, रात्र-रात्र इस्पितळात बसतात. ग्रुपबाहेरच्याला बसायला वितभर जागा देत नाहीत. जातीतही नेमकं हेच होतं. आतल्यांसाठी जीव टाकायचा, बाहेरच्यासाठी दार लावायचं. दोन-तीन वर्षांच्या सहप्रवासात नवी कुंपणं उभी राहतात यावरून ती सवय किती खोल आहे ते कळतं.

वारीचा दाखला इथे हमखास दिला जातो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, आणि ती गोष्ट फार मोठी आहे. तरी इरावती कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात नोंदवलं की दिंडीत अभंग एकत्र म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशीच राहिली, आणि विठ्ठल मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. चालणं एकत्र, गाणं एकत्र, पान वेगळं.

म्हणून खरा शोध घ्यायचा तर तो बाकावर नाही, डब्यात खाल्ल्या जाणाऱ्या डब्यात घ्यायला हवा. लेडीज डब्यात संध्याकाळी भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवण होतं. सकाळी सात-सव्वासातच्या गाडीत एकीच्या डब्यातला उपमा चार जणी खातात, एकाच बाटलीतून पाणी पितात. चौघींची आडनावं चार प्रकारची असतात आणि ती एकमेकींना ठाऊक असतात. हे करायला रेल्वेने सांगितलेलं नाही, जागेच्या टंचाईनेही भाग पाडलेलं नाही. मसूरच्या वाटेवर पोरांना जो घोट मिळाला नाही, तो इथे कोणी न मागता पुढे केला जातो. तेवढ्या क्षणापुरती ती कृती नियमाची राहत नाही. बाबासाहेबांच्या अर्थाने ते धर्मकृत्य आहे, असं म्हणायला हरकत नसावी. त्याच गाडीच्या मालडब्यात मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणीकडे पाहून नाकाला रुमाल लावणारेही असतात, हे खरं. रेघ पुसली जाते ती एका बाजूने, आणि पुसणारी माणसं अजून थोडी आहेत.

तिघांच्या बाकावर चौथ्याने बसायची पद्धतही अशीच. कोणत्याही कायद्यात चौथी सीट नाही. 'जरा सरकून घ्या' एवढ्यावर ती निर्माण होते, आणि बसलेला माणूस, स्वतः दमलेला असताना, अनोळखी माणसासाठी अंग चोरून घेतो. कुरकुरत का होईना, घेतो.

आणि ११ जुलै २००६ ची संध्याकाळ. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. दादरच्या उत्तरेला माटुंगा-माहीमपासून मिरा रोडपर्यंत दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली. स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले होते, आणि मदतीला सर्वांत आधी पोहोचली ती रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतली माणसं. घरातल्या चादरींची झोळी करून त्यांनी जखमींना उचललं, मिळेल त्या वाहनात घालून इस्पितळात नेलं. ज्या डब्यात बसण्याची ऐपत नाही त्या डब्यातल्या अनोळखी माणसाचं रक्त अंगावर घेताना कोणी नाव-गाव विचारलं नाही. कर्तव्याचा कुठलाही नियम त्यांना लागू नव्हता. रूळ ओलांडण्याची तर बंदीच आहे.

एवढं पाहिल्यावर नियमाला कमी लेखावंसं वाटेल, पण तसं करणं चूक ठरेल. बाबासाहेब स्वतः आयुष्यभर कायद्यासाठी झगडले. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. नियमाने दार उघडतं, आणि दारच बंद असेल तर तत्त्वाची परीक्षा तरी कुठे व्हायची? दीडशे वर्षं शेजारी बसायची सक्ती झाली नसती तर उपम्याचा डबा पुढे करायची वेळ आली नसती. पण २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या वरवरच्या थराइतकीच उथळ राहतील. १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात ते आणखी पुढे गेले: आपल्या विचाराची मुळं राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत, आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. त्यांत सर्वांत वरचं स्थान बंधुतेला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली आहे, कारण करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जीवांसाठी. कायद्याला माणसं शेजारी बसवता येतात. मैत्री कायद्याने देववत नाही.

६ डिसेंबरला दादरमध्ये नेमकी ही उणीव दिसते. नियमाच्या बाजूने बरंच काही होतं: विशेष गाड्या, जादा लोकल, पोलीस बंदोबस्त, महापालिकेचे मंडप, पाण्याचे टँकर, दवाखाने. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि कष्टाच्या पैशांतून विकत घेतलेल्या पुस्तकांच्या पिशव्या घेऊन माणसं परतीच्या गाडीत बसतात. वाचनासाठी एवढ्या दुरून येणारी गर्दी महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल. तरीही दादर-माहीमच्या कितीतरी घरांत आदल्या रात्री ठरतं की उद्या बाहेर पडायचं नाही. बिनतिकीट प्रवासाची, अस्वच्छतेची, ट्रॅफिकची कुरकुर दर वर्षी ऐकू येते. गर्दीची तक्रार करण्यात पाप नाही. पण विसर्जनाच्या रात्री याहून मोठी गैरसोय आनंदाने सोसणाऱ्या वस्तीला या एका दिवसाची गैरसोय वेगळी का वाटते, हे त्या वस्तीने स्वतःला विचारायला हवं.

दसऱ्याच्या सुमारास मुंबईच्या लोकलमधले हे ग्रुप वर्गणी काढतात. दादरच्या फुलबाजारातून झेंडू येतो, डब्याला तोरणं लागतात, देवीच्या तसबिरीची पूजा होते, पेढे वाटले जातात. देणाऱ्या हाताची जात कोणी पाहत नाही. १९२६ चा वाद इथे तरी निकालात निघाला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा धर्मांतर सोहळाही दसऱ्याचाच, आणि त्या सणाला आज एकीकडे सजलेल्या लोकल धावतात, दुसरीकडे दीक्षाभूमीच्या गाड्या भरून जातात. या दोन दसऱ्यांची ओळख अजून झालेली नाही. ती करून द्यायला सर्वांत योग्य माणसं म्हणजे दादरला उतरणारे हे ग्रुपच. गाडी ठरलेली, माणसं ठरलेली, वर्गणी काढायची सवय असलेली. ६ डिसेंबरच्या सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी पुलावर तासभर उभं राहावं, रात्रभर बसून आलेल्या म्हातारीचं गाठोडं जिन्यावरून उतरवावं, वाट दाखवावी, तिच्यासोबत चहा घ्यावा, आणि तिने आपल्या फडक्यातली भाकरी पुढे केली तर तीही खावी. दसऱ्याच्या वर्गणीच्या वहीत त्या दिवसाच्या चहापाण्याचा एक रकाना वाढवणं कुठल्याच ग्रुपला जड नाही.